बैठ्या चाळीचा जिना

लालबागमधल्या एका चाळीचा जिना मोडकळीला आला आहे, तो ताबडतोब दुरुस्त करावा, असा अर्ज मी वॉर्ड ऑफिसला केला होता. चाळ बैठी होती. बैठ्या चाळीला जिना नसतो.

हसायचं असेल तर हसून घ्या. मला स्वतःला ह्या गोष्टीवर हसायला बरीच वर्षं लागली, आणि ज्यांच्यामुळे पुढे हसता आलं त्या डॉ. शांता तेंडोलकर ह्यांच्याबद्दलच मला लिहायचं आहे. बाई आता नाहीत. असत्या तर हे लिहायची माझी छाती झाली नसती, कारण त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं असतं, ‘‘स्वतःचं कौतुक किती करशील?’’

तेंडोलकरबाई परळच्या आमच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीच्या मुख्य डॉक्टर होत्या. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. त्या बाजूला हॉस्पिटलं पुष्कळ, ज्याला जे वाटेल ते समजावं. मी गिरगावातला, नुकताच डॉक्टर झालेला. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून आरशासमोर उभं राहण्यात माझा बराच वेळ जात असे. पहिल्या दिवशी कामावर हजर झालो तेव्हा समोर एक ठेंगणी, सावळी बाई उभी होती. पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला खोचलेला, वर अॅप्रन, आणि अॅप्रनच्या खिशातून शिंप्याची टेप लोंबत होती. मला वाटलं, पडद्यांची मापं घ्यायला कुणी आलं आहे.

‘‘आगाशे का?’’ त्या म्हणाल्या. ‘‘वळ.’’

मी वळलो. का वळलो ते आजही सांगता येणार नाही.

‘‘बरं. मागून तरी डॉक्टर दिसतोस. पुढचं बघू.’’

ही त्यांची रीतच होती. कॅज्युअल्टीत कुणीही येवो, बाई ‘काय झालं?’ असं कधी विचारत नसत. ‘‘आधी पाठ दाखव, तोंड मागाहून उघड,’’ हे त्यांचं पहिलं वाक्य. बोट कापलेला शेठजी आला तरी त्याला कोट काढून वळावं लागे. एकदा आमचे मोठे साहेब, म्हणजे हॉस्पिटलचे सुपरिंटेंडेंट, स्वतःची सर्दी दाखवायला आले आणि सवयीने बाई त्यांनाही म्हणाल्या, ‘‘पाठ.’’ साहेब निमूट वळले. लवंगेची डबी उघडून बाईंनी एक लवंग तोंडात टाकली आणि म्हणाल्या, ‘‘सर्दीच आहे.’’

मी धीर करून एकदा विचारलं, ‘‘बाई, पाठच का?’’

‘‘तोंड घरच्यांचं ऐकतं. शेजाऱ्यांचं ऐकतं, पोलिसाचं ऐकतं. पाठ कुणाचं ऐकत नाही.’’

कॅज्युअल्टीचा दरवाजा हे गिरणगावाचं पंचांग आहे, असं त्या म्हणायच्या, आणि ते पंचांग त्यांना तोंडपाठ होतं. पगाराच्या संध्याकाळी डोकी फुटून येत. त्यातली निम्मी बाटलीने आणि निम्मी जावयाने फोडलेली असत. गिरण्यांत नवीन माल लागला की डोळ्याखाली मार बसलेले विणकर येत. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, धोटा उडून तोंडावर बसतो, त्याची जखम नेहमी एकाच आकाराची. परीक्षांचे निकाल लागले की ढेकणांचं औषध प्यायलेली पोरं येत. त्यांच्या बापांना बाई रुग्णाच्या आधी झोडून काढत. मला ह्यातलं काही दिसत नसे. मला फक्त रक्त दिसे, आणि ते दिसलं की टिंक्चरची बाटली दिसेनाशी होई.

एकदा भाजलेली एक तरणी सून आली. बरोबर सासू, आणि सासूच्या तोंडी अख्खी कहाणी तयार: स्टोव्हचा भडका उडाला, पदर पेटला. मी ‘स्टोव्हचा भडका’ असं लिहायला घेतलं होतं. बाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, मुलीला हलकेच कुशीवर वळवलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. पोलकं पाठीवर जळलं होतं. पुढच्या बाजूला डागही नव्हता.

‘‘सासूबाई,’’ बाई म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडे स्टोव्हकडे पाठ करून स्वयंपाक करतात होय?’’

बाईंनी सासूला बाहेर काढलं, दार लावलं आणि मुलीच्या उशाशी स्टूल घेऊन बसल्या. बाहेर सासरची माणसं दारावर थापा मारत होती. एक जण तर नोकरी घालवण्याच्या गोष्टी बोलू लागला. बाईंनी दार किलकिलं केलं. ‘‘माझी घालवा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण ओळीत उभे राहा. तुमच्याआधी बरेच जण आहेत.’’ आणि दार पुन्हा लावलं. मुलगी जगली. माहेरी गेली. त्यानंतर ‘स्टोव्ह’ हा शब्द लिहिण्याआधी मी दहादा विचार करू लागलो. जिना हा शब्द मात्र अजून माझ्या आयुष्यात यायचा होता.

तो आला संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून जाहीर झालं आणि गिरणगाव रस्त्यावर आलं. भिंतीवर डांबराने ‘झालाच पाहिजे’, तोंडात ‘झालाच पाहिजे’. आमच्या कॅज्युअल्टीत टाके घालून घेताना माणसं विव्हळायची तीही त्याच चालीवर. गोळ्या चालल्या त्या दिवसांबद्दल मी इथे लिहिणार नाही. माझ्यासारख्या फजितीच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाने तिथे गप्प बसावं. मी लाठीच्या दिवसांबद्दल बोलतो आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या दाराशी एक टेबल टाकून हवालदार मोरे बसत. साताऱ्याकडचे, मिशाळ, दुपारी हमखास पेंगणारे. मारहाणीची, भाजल्याची, विष घेतल्याची कुठलीही केस आली की तिला ‘पोलीस केस’ म्हणायचं आणि मोऱ्यांना कळवायचं, असा नियम. एरवी त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. पण मोर्च्यात मार खाल्लेल्या माणसाची पोलीस केस झाली की खाटेशेजारी पहारा बसे, आणि बरं वाटलं की तो तिथूनच थेट ठाण्यावर जाई. म्हणून मोर्च्यातली माणसं लाठीचं नाव घेत नसत. कुणी ट्रामला धडकलेला असे, कुणी मोरीत घसरलेला.

बाईंची ह्यावर स्वतःची पद्धत होती. रुग्ण म्हणाला मोरीत घसरलो, की त्या तसंच लिहीत: ‘रुग्णाच्या सांगण्याप्रमाणे’. त्याखाली पाठ काय सांगते ते लिहीत, टेपने वळ मोजून. मग वाकून हळूच विचारत, ‘‘मारणाऱ्याचं लिहू?’’ माणूस ‘नको’ अशी मान हलवे. ‘‘बरं बाबा. तुझी पाठ, तुझी मर्जी.’’ तक्रार नाही म्हटल्यावर प्रकरण तिथेच थांबे. त्याच आठवड्यात दगड लागून डोकं फुटलेला एक पोलीस शिपाई आला. बाहेर थांबलेल्या लोकांतून कुणी ओरडलं, ‘‘बाई, पोलीस आहे तो! असू दे तसाच!’’ बाईंनी मागे न बघता उत्तर दिलं, ‘‘आत्ता डोक्यावर टोपी नाही त्याच्या.’’ आणि त्याचेही टाके तितक्याच काळजीने घातले. कुणाची बाजू घेता, असं विचारलं की म्हणत, ‘‘पाठीची.’’

तर एका दुपारी लालबागच्या नाक्यावर मोर्चा अडवला आणि लाठ्या चालल्या. बाई त्या दिवशी साक्षीला कोर्टात गेल्या होत्या. त्यांचं अर्धं आयुष्य कोर्टाच्या बाकांवर गेलं. कॅज्युअल्टीत मी एकटा.

पहिला आला तो दत्ताराम गावडे. साच्यावर काम करणारा, तिशीचा, काटक मालवणी माणूस. उजवा हात डाव्या हाताने धरलेला, चेहरा पांढराफटक. आणि मी विचारायचं नाही तेच विचारलं.

‘‘काय झालं?’’

दत्तारामने मोऱ्यांच्या टेबलाकडे पाहिलं. ‘‘जिन्यावरनं पडलो, डॉक्टर.’’

‘‘कुठल्या?’’

‘‘आमच्याच चाळीच्या. हरबाशेठची चाळ.’’

त्याला प्लॅस्टर घालून वॉर्डात ठेवायला पाठवतोय तोवर दुसरा आला. त्यानेही दारातच पुढच्याचं उत्तर ऐकलं असावं. हरबाशेठची चाळ, जिना. मग तिसरा. मग दोघे एकदम. सगळे त्याच चाळीचे, सगळे त्याच जिन्यावरून.

आता तुम्ही म्हणाल, शंका कशी आली नाही? मला सांगा, कशी यावी? आमच्या गिरगावातल्या चाळीच्या जिन्याची एक पायरी मी शाळेत होतो तेव्हापासून तुटलेली होती. एकदा पाण्याची बादली घेऊन मी त्या पायरीवरून थेट तळमजल्यावरच्या काकूंच्या तुळशीत पोचलो होतो. जिन्यावरून पडणाऱ्या माणसाचं दुःख मला जितकं कळत होतं तितकं त्या खोलीत कुणालाही कळत नव्हतं. माझं अंतःकरण भरून आलं.

मोरे हवालदार पेंगायचं सोडून सगळं पाहत होते. ‘‘डॉक्टर,’’ ते म्हणाले, ‘‘लई मोठा जिना दिसतोय.’’

‘‘अहो, कोसळला असणार!’’

‘‘असंल, असंल,’’ म्हणाले, आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत बसले.

रात्रभर मला तो जिना दिसत होता. सकाळी मी अर्ज लिहिला. कळकळीचा अर्ज होता. ‘एखाद्या निष्पाप रहिवाशाचा बळी जाण्याची वाट आपण पाहणार काय?’ असा शेवटी सवाल टाकला होता. तो सवाल मला इतका आवडला की त्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या.

मग जे झालं ते असं. तीन-चार दिवसांनी वॉर्ड ऑफिसातून एक ओव्हरसियर चाळीत गेला आणि ‘जिना कुठे आहे?’ विचारू लागला. बायका नळावरची भांडी सोडून हसायला धावल्या. घरमालक हरबाशेठ मात्र हसला नाही. आपल्या चाळीला मोडका जिना आहे असं सरकारदरबारी कुणी कळवलं, ह्याने तो इतका तापला की थेट ठाण्यावर तक्रार घेऊन गेला. त्यामुळे ठाण्यातल्या इन्स्पेक्टरला आयती बातमी मिळाली: मोर्च्याच्या दिवशी नसलेल्या जिन्यावरून पडलेली माणसं परळच्या हॉस्पिटलात गेली होती.

पण आमच्याकडे आधी ओव्हरसियर आला. बिचारा गरीब माणूस, हातात माझा अर्ज. बाईंसमोर उभा राहून म्हणाला, ‘‘बाई, मी जाऊन आलो. चाळ बैठी आहे. दुरुस्त काय करू?’’

बाईंनी अर्ज वाचला. दोन रेघा मारलेला सवाल दोनदा वाचला.

‘‘आगाशे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘वळ.’’

मी वळलो.

‘‘आता मागूनही डॉक्टर दिसत नाहीस.’’

त्यांनी मला वॉर्डात दत्तारामच्या खाटेशी नेलं. त्याला कुशीवर वळवून पाठीवरचा एक वळ दाखवला. रेल्वेच्या रुळांसारख्या दोन काळ्यानिळ्या रेघा, मध्ये पांढरी पट्टी. ‘‘गोल काठी जोरात बसली की असं होतं. पायरीची कड लागली तर एकच रेघ येते.’’ मग त्याचा प्लॅस्टरमधला हात. ‘‘जिन्यावरून पडणारा माणूस काय करतो? तळहात टेकतो. मनगट मोडतं. ह्याचं हाड कोपर आणि मनगटाच्या बरोबर मध्ये मोडलंय. का? ह्याने हात असा धरला होता.’’ आणि बाईंनी स्वतःचा हात डोक्यावर आडवा धरला. साठीकडे झुकलेली ती ठेंगणी बाई क्षणभर अशी उभी राहिली की मला वाटलं, आता हिच्यावरच काठी पडणार.

‘‘हे मोऱ्याला कळलं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘झाडूवाल्याला कळलं होतं. म्हणून दोघं गप्प होते. गप्प बसायला अक्कल लागते, आगाशे.’’

दत्तारामकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. कितीतरी वर्षं बदली कामगार म्हणून गिरणीच्या फाटकाशी उभं राहिल्यावर त्या दिवाळीत तो कायम झाला होता. अटक झाली तर गिरणी त्याला ठेवणार नव्हती. ते सगळं माझ्या दोन रेघांमुळे आता टांगणीला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर आले. उंच, कडक इस्त्रीतले, बोलायला सभ्य. मोरे ताडकन उभे राहिले आणि भिंतीला चिकटले.

‘‘डॉक्टरीणबाई, त्या बैठ्या चाळीच्या जिन्यावरून पडलेल्यांची नावं हवीत. दगडफेकीत होते सगळे. आणि तुमच्याकडे पोलीस केस लपवतात, हेही बरं नाही. वरपर्यंत जाईल.’’

मला वाटलं बाई चिडतील. बाईंनी लवंग काढली.

‘‘बरोबर बोललात. लपवली गेली. आमचा आगाशे गाढव आहे, ते मान्य. आता दुरुस्त करते. चला.’’

त्या निघाल्या, मागे इन्स्पेक्टर, त्यांच्यामागे पेन आणि दौत घेऊन मी. दत्तारामच्या खाटेपाशी पोचल्यावर बाई वळल्या. ‘‘रुग्ण बोलत असताना पोलीस दाराबाहेर. हा माझा वॉर्ड आहे.’’ इन्स्पेक्टर दारापर्यंत गेले, पण ऐकू येईल इतपतच. बाईंना ते चालणार होतं. त्यांनी आवाज मुळीच खाली आणला नाही. फक्त भाषा बदलली. त्याही मालवणकडच्याच.

‘‘दत्ताराम, पोलीस इलो हा. नाव देवचाच लागतला. आता जिनो लिवू काय खरा लिवू, तां तुयाच सांग. खरा लिवलंय तर नोकरी जायत. तुरुंगात जावचा लागात. मी तुका सोडवन असा सांगणंय नाय.’’

दत्ताराम डावा कोपर टेकून खाटेवर उठून बसला. मी पेन दौतीत बुडवून तयार ठेवलं. दत्ताराम ‘जिना’ म्हणाला असता तरी बाईंनी तसंच लिहिलं असतं, हे मला ठाऊक होतं. तुझी पाठ, तुझी मर्जी.

‘‘बाईनु,’’ तो म्हणाला, ‘‘मार मी खाल्लंय. मगे नाव जिन्याचा कित्याक?’’

आणि मग दाराकडे बघत, शुद्ध मुंबईच्या मराठीत, वॉर्डाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात, ‘‘लिवा! लाठी लिवा!’’

बाईंनी टेप काढली. प्रत्येक वळ मोजला आणि मोठ्याने सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. ‘‘पोलीस केस. मारहाण. हत्यार: गोल, लांब, कठीण काठी. मार पाठीमागून. हात डोक्यावर धरलेला असताना हाड मोडलेलं. मारणारा: रुग्णाच्या सांगण्याप्रमाणे गणवेशातला पोलीस. दत्ताराम, चेहरा ओळखशील?’’

‘‘झोपेत ओळखीन.’’

‘‘लिही, आगाशे. रुग्ण चेहरा ओळखू शकतो.’’

इन्स्पेक्टर केव्हा आत आले ते मला कळलं नाही. ‘‘बाई, बाई, हे कशाला? आधी जिना होता ना?’’

‘‘बैठ्या चाळीला जिना नसतो. तुम्हीच सांगत आलात.’’

‘‘तरी जुनी चाळ आहे. माळ्यावर चढायची शिडी तरी असेल की हो!’’

मी तोंडात रुमाल कोंबला. कालपर्यंत लालबागमध्ये जिन्यावर विश्वास ठेवणारा मी एकटाच होतो; आता पोलीस खात्यानेही जिन्याच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं होतं.

‘‘शिडीवरून पडला तरी मनगटच मोडतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘बाकीच्यांचीही नावं हवी होती ना? थांबा. आगाशे, चाळीत जा. सगळ्यांना फेरतपासणीला बोलाव. ज्याला यायचं त्याने यावं. काय लिहिणार ते आधी सांग, आणि पुढे काय होईल तेही सांग.’’

मी हरबाशेठच्या चाळीत शिरलो तेव्हा ओट्यावर बसलेल्या म्हातारीने मला नखशिखान्त न्याहाळलं. ‘‘ह्योच का तो? काय रे, जिना आणलास का खांद्यावर?’’ सगळी चाळ दारात आली. मी जे सांगायचं ते कसंबसं सांगितलं. अटक होईल हेही सांगितलं. हशा थांबला. मग आतून एक जण सदरा काढत बाहेर आला. ‘‘दत्तारामने लाठी लिवली?’’ त्याने विचारलं. मी हो म्हटलं. ‘‘मग आमी काय बांगड्या भरल्यात?’’ असं तो म्हणाला मात्र, त्याच्या बायकोने पाठीत एक धपाटा घातला. ‘‘बांगड्यांना काय बोलतोस? मोर्च्यात पुढं कोण होतं? मी पण येते!’’ तो धपाटा नेमका वळावर बसला आणि तो असा कळवळला की पुन्हा सगळे हसले.

ते सगळे आले. सदरे हातात घेऊन, उघड्या पाठींनी, भर उन्हात लालबागहून परळपर्यंत चालत. घोषणा नाही, झेंडा नाही. दुकानदार फळीवरून उतरून बघत होते. मागून चालणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसत होती, आणि पाठीमागून पाठ अशी ती रांग कॅज्युअल्टीच्या दारातून आत आली. वळ आता हिरवे-पिवळे पडू लागले होते. बाईंनी तोही रंग लिहायला लावला, कारण रंगावरून मार कुठल्या दिवशीचा ते कळतं. एकेकाला वळवत त्या टेप लावत होत्या. एरवी ‘पाठ दाखव’ म्हणावं लागे. त्या दिवशी म्हणावं लागलं नाही.

मोरे हवालदार टेबलामागे उभे होते. ओळीतल्या शेवटच्या म्हाताऱ्याला त्यांनी आपली खुर्ची दिली.

इन्स्पेक्टरांनी बाकीच्यांची नावं मागायचं सोडून दिलं. त्या माणसांना कोर्टात उभं केलं असतं तर त्यांच्या पाठीही कोर्टात उभ्या राहिल्या असत्या. दत्तारामला मात्र प्लॅस्टरसकट उचललं. त्याआधी मोठ्या साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं होतं. ‘‘अहो, जिनाच राहू द्या ना,’’ ते जवळजवळ विनवत होते. बाई म्हणाल्या, ‘‘साहेब, जिना मी बांधलेला नाही, आगाशेने बांधलाय. पाडायला मला परवानगी लागत नाही.’’

कोर्टात सरकारी वकिलाने म्हटलं, ‘‘बाई, तुम्ही संयुक्त महाराष्ट्रवाल्या दिसता.’’

‘‘मी कॅज्युअल्टीवाली आहे.’’

‘‘पण तुमची सहानुभूती?’’

‘‘जी पाठ समोर येते तिला. उद्या तुमची आली तर तुम्हाला.’’

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून पुसला. दत्ताराम सुटला. गिरणीने मात्र त्याचं कायमपण काढून घेतलं आणि तो पुन्हा बदलीवाल्यांच्या घोळक्यात फाटकाशी उभा राहू लागला. मारणाऱ्याचा चेहरा ओळखायला त्याला कुणी कधी बोलावलं नाही. आणि बाईंची बदली झाली शीवच्या पलीकडच्या एका दवाखान्यात, जिथे खरूज आणि देवीच्या लसी ह्यांपलीकडे काही येत नसे. निघताना त्यांनी लवंगांची डबी उचलली, टेप गुंडाळली. मी म्हटलं, ‘‘बाई, ती टेप मला आठवण म्हणून द्याल?’’

‘‘स्वतःची घे. गिरगावात शिंपी मेले का सगळे?’’

मी घेतली. अजून आहे.

दत्तारामला मी एकदा फाटकाशी गाठून माफी मागायला गेलो होतो. त्याने बोलूच दिलं नाही. ‘‘डॉक्टर, तुमी जिनो बांधलो नसतो तर मी गपच रवलो असतंय,’’ म्हणाला आणि चहा पाजला. त्याचा हात किंचित वाकडा जुळला होता. त्याच हाताने त्याने कप माझ्यापुढे सरकवला.

मग एकदाचा महाराष्ट्र झाला. त्या संध्याकाळी हरबाशेठच्या चाळीने बाईंना आणि मला बोलावलं होतं. चौकात फळ्यांचं व्यासपीठ, तोरणं, ढोल. बाई शीवहून आल्या, तशाच पदर खोचून. व्यासपीठावर चढायला पोरांनी लाकडी पायऱ्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘आगाशे जिना’. ओट्यावरची तीच म्हातारी मला म्हणाली, ‘‘बघ बाबा, तुझा अर्ज मंजूर झाला.’’

बाईंचा सत्कार झाला. त्यांनी भाषण केलं नाही. ‘‘पाठी ताठ ठेवा,’’ एवढंच म्हणाल्या, आणि टाळ्यांनी चाळीची कौलं हलली. मग मलाही वर बोलावलं. दत्तारामने माझ्या गळ्यात भलामोठा हार घातला, इतका मोठा की डोळे झेंडूत बुडाले. मी अत्यंत विनम्र चेहरा करून खाली उतरायला लागलो, आणि माझ्याच नावाच्या जिन्याची शेवटून दुसरी पायरी चुकलो.

ढोल थांबला. मी जमिनीवर. उजव्या हातात कळ अशी की तोंडातून शब्द फुटेना. गर्दी बाजूला सारत बाई आल्या, शेजारी उकिडव्या बसल्या.

‘‘बाई,’’ मी कण्हत म्हटलं, ‘‘जिन्यावरून पडलो.’’

‘‘आधी पाठ दाखव.’’

त्यांनी खरोखरच मला वळवलं, सदरा वर केला, पाहिलं. मग माझा हात हातात घेतला. मनगट बघता बघता टम्म फुगत होतं. बाईंनी तो हात सगळ्या चाळीला दिसेल असा वर धरला.

‘‘नीट बघून घ्या रे सगळ्यांनी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जिन्यावरून पडलेलं गाढव असं दिसतं.’’